हे कसे कळले, ते मुलांना सांगा

२७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन आणि २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. आदल्या दिवशी शाळेत कुसुमाग्रजांच्या प्रतिमेला हार घातला जातो, ग्रंथदिंडी निघते, कवितावाचन होते. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर सर चंद्रशेखर वेंकट रामन यांची प्रतिमा येते, विज्ञान प्रदर्शन भरते आणि वक्तृत्व स्पर्धेत मुले शास्त्रज्ञांवर पाठ केलेली भाषणे म्हणून दाखवतात. या दोन दिवसांना जोडणारी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे दोन्ही दिवशी फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे मुलांसाठी मराठीत लिहिलेली विज्ञानाची, शोधांची आणि शोधकांची पुस्तके. यंदाच्या विज्ञान दिनी अंतराळ मोहिमा आणि नवी तंत्रज्ञाने बाजूला ठेवून आम्ही या पुस्तकांविषयीच लिहीत आहोत, कारण दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मनात विज्ञानाचे जे चित्र उमटते ते बहुधा आयुष्यभर टिकते.

त्या पाठ केलेल्या भाषणांचे मूळ कुठे असते, हे पालकांना आणि शिक्षकांना ठाऊक आहे. ‘थोर शास्त्रज्ञ’, ‘महान संशोधक’ अशा नावांची पुस्तके सगळीकडे मिळतात. एकेका शास्त्रज्ञाला दीड-दोन पाने. जन्म, घरची गरिबी, लहानपणापासूनची अभ्यासाची आवड, मग अचानक एके दिवशी लागलेला शोध, मानसन्मान आणि मृत्यू. न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडते, जेम्स वॉट किटलीचे झाकण पाहतो, एडिसनचा दिवा लागतो. मूल हे सगळे पाठ करते, बक्षीस मिळवते आणि विज्ञान म्हणजे थोर माणसांना होणारा साक्षात्कार, अशी समजूत घेऊन घरी जाते.

सफरचंदाचेच पाहा. ही गोष्ट निव्वळ बनाव नाही. म्हातारपणी, १७२६ मध्ये, न्यूटनने विल्यम स्टकली या आपल्या मित्राला बागेत चहा घेताना ती सांगितल्याची नोंद आहे. झाडावरून फळ पडताना पाहून ते नेहमी सरळ खालीच का येते, असा विचार मनात आला, एवढाच तिचा गाभा. डोक्यावर फळ आपटल्याचा त्यात उल्लेखच नाही. महत्त्वाचे हे की तो विचार १६६० च्या दशकातला आणि गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडणारा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ १६८७ चा. मधली वीसेक वर्षे न्यूटन काय करत होता, कुठे अडला, चंद्राच्या भ्रमणाचा आणि फळाच्या पडण्याचा मेळ त्याने कसा घातला, यात विज्ञान आहे. मुलांच्या पुस्तकांतून नेमकी हीच वीस वर्षे गळालेली असतात.

चांगले पुस्तक मुलाचे काय करू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मायकेल फॅरडे. लोहाराचा हा मुलगा वयाच्या चौदाव्या वर्षी लंडनमध्ये जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीचे काम शिकायला राहिला. बांधणीला आलेली पुस्तके तो वाचू लागला. त्यांत जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरचे एक पुस्तक होते. मार्सेटबाई शास्त्रज्ञ नव्हत्या. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने त्यांनी ऐकली. पहिल्या खेपेला त्यांतले बरेचसे त्यांच्या डोक्यावरून गेले आणि एका जाणकाराशी बोलता बोलता ते उलगडत गेले. आपल्याला संवादातून समजले तर इतरांनाही समजेल, या विचाराने त्यांनी एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्या गप्पांच्या रूपात पुस्तक लिहिले. ते १८०६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कित्येक वर्षे त्यावर लेखिकेचे नावसुद्धा छापले जात नव्हते.

फॅरडेने उतारवयात एका पत्रात या पुस्तकाचे ऋण मान्य केले आहे. त्यातली एक गोष्ट प्रत्येक बालसाहित्यिकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. पुस्तकात लिहिले आहे म्हणून त्याने ते खरे मानले नाही. परवडतील एवढ्या सामानात छोटे छोटे प्रयोग करून त्याने पुस्तकातली विधाने तपासली, ती खरी निघाली आणि मग त्या पुस्तकावर त्याचा विश्वास बसला. पुढे १८३१ मध्ये त्याने चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करण्याचे तत्त्व शोधले. आज आपल्या गावात येणारी वीज, मग ती कोयनेची असो की कोराडीची, त्याच तत्त्वावर तयार होते. या सगळ्याच्या मुळाशी इतर कारणेही होतीच. पण त्यांतले एक कारण मुलींसाठी लिहिलेले एक प्रामाणिक पुस्तक होते, ज्यातली विधाने बांधणीच्या दुकानातल्या पोरालाही पडताळता येत होती.

फॅरडेने ते ऋण फेडलेही. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळच्या सुटीतली व्याख्याने १८२५ मध्ये सुरू झाली आणि त्याने ती वर्षानुवर्षे दिली. १८६०-६१ च्या हिवाळ्यातली त्याची सहा व्याख्याने एकाच वस्तूवर होती: मेणबत्ती. मेण जळते म्हणजे नक्की काय जळते? विझवलेल्या मेणबत्तीतून निघणाऱ्या पांढऱ्या धुराला काडी लावली तर ज्योत धुरातून उडी मारून पुन्हा वातीला का लागते? ज्योतीवर थंड चमचा धरला की त्यावर पाणी आणि काजळी कुठून येते? प्रश्नातून प्रश्न काढत तो मेणबत्तीपासून माणसाच्या श्वासापर्यंत पोहोचतो. विल्यम क्रुक्सने १८६१ मध्ये या व्याख्यानांचे पुस्तक केले. ते आजही छापले जाते. मोठ्या माणसाला शेजारी बसवून मेणबत्ती आणि काड्यापेटी एवढ्यावर यातले कितीतरी प्रयोग आपल्या कोणत्याही वाडीवस्तीवरच्या शाळेत करता येतात. धुरातून उडी मारणारी ज्योत एकदा पाहिलेल्या मुलाला ‘जळते ते मेणाचे बाष्प’ हे वाक्य पाठ करावे लागत नाही.

आता ज्यांच्या निमित्ताने आपण हा दिवस साजरा करतो त्या रामन यांच्याकडे येऊ. रामन परिणामाचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात लागला, १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, एवढे आपल्या प्रत्येक मुलाला येते. यामागची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. १९२१ मध्ये रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ या बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राची गडद निळाई त्यांना खुणावत होती. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या दिग्गजाने सांगून ठेवले होते. रामन यांनी खिशातल्या छोट्या निकोल लोलकातून पाण्याकडे पाहिले. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्या लोलकाने अडवता येतो. तो अडवल्यावरही समुद्र निळाच दिसला. म्हणजे निळाई खुद्द पाण्यातून येत होती. बोट सप्टेंबरमध्ये मुंबई बंदरात पोहोचली आणि तिथूनच त्यांनी ‘नेचर’ला पत्र धाडले.

तिथून पुढे सात वर्षे. सूर्याचा प्रकाश एका जांभळ्या काचेतून गाळून द्रवात सोडायचा. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशासमोर दुसरी अशी काच धरायची, जी त्या जांभळ्या प्रकाशाला अजिबात वाट देत नाही. प्रकाश आपला रंग बदलत नसेल तर डोळ्यांना काळोखच दिसायला हवा. दिसली ती अगदी अंधूक अशी वेगळ्या रंगाची रेघ. प्रकाशाने रंग बदलला होता. ही रेघ काही भास नाही ना, द्रवातली अशुद्धी नाही ना, याची खात्री करण्यासाठी एकामागून एक द्रव शुद्ध करून पुन्हा पुन्हा पाहण्याचे अतोनात कष्टाचे काम के. एस. कृष्णन या त्यांच्या तरुण सहकाऱ्याने केले. नोबेल एकट्या रामन यांना मिळाले. मुलांच्या पुस्तकांत कृष्णन यांचे नाव आलेच तर एका वाक्यात येते. शोध एकट्याने लागत नाहीत, हे मुलांना शिकवायला याहून जवळचे उदाहरण कुठे मिळणार?

ज्या वर्षी कोलकात्यात ही अंधूक रेघ दिसली, त्याच १९२८ मध्ये पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ हे विज्ञानाला वाहिलेले मराठी मासिक सुरू झाले. त्याच्याही आधी, १८४० मध्ये, बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ मासिकातून भौतिक आणि भूगोलाचे विषय मराठीत आणले होते. मराठीत विज्ञान सांगता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक नसतो.

विज्ञान दिनी सांगायला हवी अशी आणखी एक गोष्ट आहे आणि ती थेट आपल्या घरातली आहे. १९३३ मध्ये कमला भागवत नावाची एक मुलगी मुंबई विद्यापीठाची विज्ञानाची पदवी अव्वल गुणांनी मिळवून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज करते. वडील आणि काका त्याच संस्थेतून रसायनशास्त्र शिकलेले. संस्थेचे संचालक असतात खुद्द रामन. अर्ज फेटाळला जातो. कारण एकच, ती मुलगी आहे. ती वडिलांबरोबर बेंगळुरू गाठते, जाब विचारते, हटून बसते. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस होते. अखेरीस रामन तिला घेतात, पण अटी घालून: पहिले वर्षभर रीतसर विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचे आणि पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. अपमान गिळून ती या अटी मान्य करते. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दुधातल्या आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम करते. वर्षभराने रामन यांना तिच्या कामाविषयी शंका उरत नाही आणि संस्थेची दारे मुलींसाठी उघडतात.

हीच कमला पुढे केंब्रिजला गेली. वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी हे द्रव्य असते, हे तिने बटाट्यावर काम करताना दाखवले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. मायदेशी परतून डॉ. कमला सोहोनी या नावाने त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थी घडवले, नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले, त्या संस्थेच्या संचालक झाल्या, ग्राहकांच्या चळवळीत भेसळ ओळखायला शिकवले आणि मराठीत मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकेही लिहिली. दुर्गाबाई भागवत या त्यांच्या सख्ख्या भगिनी. एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी एकीचे नाव मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि दुसरीचे नाव विज्ञान दिनाच्या भाषणांतही ऐकू येत नाही, याची खंत वाटते.

ही गोष्ट रामन यांच्याच दिवशी मुलांना सांगावी का, असा संकोच काही शिक्षकांना वाटेल. आमचे मत स्पष्ट आहे: जरूर सांगावी. प्रकाशाविषयी इतके अचूक पाहणारा माणूस एका मुलीविषयी चुकू शकतो, आणि समोर पुरावा आल्यावर तो आपला निर्णय बदलूही शकतो, हे दहा वर्षांच्या मुलाला नीट समजते. त्याने रामन यांचे थोरपण उणावत नाही. उलट वर्गातल्या मागच्या बाकावर बसलेल्या मुलीला कळते की या खोलीत तिचीही जागा आहे आणि ती कोणीतरी भांडून मिळवलेली आहे.

मराठीत अशी पुस्तके झालीच नाहीत, असे मुळीच नाही. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ मध्ये आले आणि कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा मराठी घरांतला माणूस झाला. गुलामगिरीत जन्मलेला, आईला दुरावलेला, कातडीच्या रंगामुळे शाळेच्या दारातून परत पाठवला गेलेला हा मुलगा लाखो मराठी वाचकांनी आपला मानला. गवाणकरांनी पुढे सलीम अली, लीझ माइट्नर आणि रोझलिंड फ्रँकलिन यांच्याकडेही वाचकांना नेले. माइट्नर आणि फ्रँकलिन या दोघींच्या वाट्याला त्यांच्या कामाच्या तोडीचे श्रेय आले नाही, हे लक्षात घेतले की ही निवड किती विचारपूर्वक होती ते कळते. चरित्र असे लिहिले तर एका परक्या माणसाची गोष्ट वाचून आपला मुलगा रडतो आणि दुसऱ्या दिवशी परसात शेंगदाणे पेरतो.

पण याच कार्व्हरची गोष्ट भाषणांत शिरली की ‘पीनट बटरचा जनक’ एवढीच उरते. पीनट बटर त्याने शोधलेले नाही आणि त्याच्या नावावरची पेटंटेही अवघी तीन. त्याचे खरे काम जमिनीचे होते. वर्षानुवर्षे कापूस घेऊन अलाबामाची जमीन निकस झाली होती. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर हवेतला नायट्रोजन जमिनीत आणणारे जिवाणू वाढतात, म्हणून कापसानंतर भुईमूग, चवळी घ्या, असे तो सांगत राहिला. गरीब शेतकऱ्यांना समजतील अशा पुस्तिका त्याने लिहिल्या आणि १९०६ पासून घोडागाडीवर फिरती शाळा नेली. आमच्या यवतमाळच्या किंवा अकोल्याच्या मुलाला, ज्याच्या घरी कपाशीत तुरीच्या ओळी असतात, हा कार्व्हर किती जवळचा वाटेल! तुरीचे रोप उपटून मुळांवरच्या गाठी पाहायच्या, एवढाच प्रयोग पुस्तकाच्या शेवटी दिला तरी पुरे.

इथे एका अवघड विषयालाही हात घालायला हवा. १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले आणि राइट बंधूंना मागे टाकले, ही गोष्ट मुलांच्या पुस्तकांतून आणि आता मोबाइलवरच्या चित्रफितींमधून सत्य म्हणून सांगितली जाते. त्या उड्डाणाचा भक्कम समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. प्राचीन विमानविद्येचा आधार म्हणून दाखवला जाणारा ‘वैमानिकशास्त्र’ हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रचला गेला आणि त्यातली याने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. तळपदे यांच्या धडपडीविषयी आदर बाळगावा, पण अपुऱ्या पुराव्याची गोष्ट मुलांना इतिहास म्हणून देऊ नये. मराठी मुलांना अभिमान वाटावा असे खरे खूप काही आहे. खोट्याची गरज नाही.

या खऱ्याचा मोठा वाटा जयंत नारळीकरांनी दिला. २० मे २०२५ रोजी ते गेले. विश्वाच्या रचनेवर जगभर दखल घेतले गेलेले काम करणाऱ्या या माणसाने १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली, कारण कथेचे मोल कथेवरून व्हावे, लेखकाच्या नावावरून नको. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. सहीसाठी प्रश्न ही किंमत लावणारा दुसरा शास्त्रज्ञ आम्हाला माहीत नाही. त्यांनी उभारलेल्या पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून मुलांसाठी विज्ञान केंद्र झाले. तिथे अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे काड्यापेटीतल्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि जुन्या वर्तमानपत्रांतून खेळणी करून दाखवली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके फुकट वाचता येतात. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आहे. मोहन आपटे यांनी मुलांसाठी ‘मला उत्तर हवंय!’ ही मालिका लिहिली.

म्हणजे अडचण पुस्तके नसण्याची नाही, ती मुलांपर्यंत न पोहोचण्याची आहे. अनेक शाळांची पुस्तके कुलूपबंद कपाटात असतात आणि ती हाताळून खराब होतील या भीतीने मुलांना दिली जात नाहीत. खरेदी करताना पानांमागे किंमत पाहिली जाते, मजकूर कोणी वाचत नाही. पालक स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके विनातक्रार घेतात आणि गोष्टीच्या पुस्तकाला महाग म्हणतात. इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलाला मराठी विज्ञान पुस्तक द्यायचे, हे तर अनेकांच्या मनातच येत नाही. खरे तर त्या मुलाला घरी आजोबांबरोबर समुद्राच्या निळाईवर बोलायचे असेल तर ते मराठीतच बोलावे लागणार आहे.

मुख्याध्यापकांना आमची विनंती आहे की या आठवड्यात ते कपाट उघडा आणि पुस्तके वर्गात ठेवा. चार फाटली तर फाटू द्या. पालकांनी पुस्तक विकत घेण्याआधी मधले एखादे पान वाचून पाहावे आणि ‘हे कसे कळले?’ या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे का ते तपासावे. नसेल तर ते खाली ठेवावे. प्रकाशकांनी शास्त्रज्ञाकडून मजकूर तपासून घ्यावा आणि तपासणाऱ्याचे नाव पुस्तकावर छापावे. आणि आमच्या लेखकांपैकी कोणीतरी कमला सोहोनींकडे वळावे. वसुमती धुरू यांनी त्यांचे चरित्र मराठीत लिहून ठेवले आहे, आधार आयता आहे. त्यावरून चौथीतल्या मुलीला एका बैठकीत वाचता येईल, डाळीतल्या प्रथिनांचा एखादा प्रयोग करता येईल आणि बेंगळुरूच्या त्या दारापाशी काय घडले ते न लपवता कळेल, असे सचित्र पुस्तक पुढच्या २८ फेब्रुवारीच्या आत लिहावे. आमच्या पानांवर त्याची पहिली प्रकरणे छापायला आम्ही तयार आहोत.